पहाटेची कर्र कर्र

१४ जून १९९२, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण स्पष्ट आहे. २३ ऑगस्टला डिपार्टमेंटल परीक्षा, सेंटर धुळे. मागचे दोन प्रयत्न मी धरत नाही. एकदा ताप होता आणि एकदा पेपरच विचित्र होता. या वेळी पास झालो की हेडक्लार्क. ऑफिसात खिडकीजवळचं टेबल, थेट पंख्याखाली. बायकोला सांगितलं. पुष्पा म्हणाली, आधी पास व्हा.

टाइमटेबल तयार केलं. लाल आणि निळी शाई, पट्टीनं रेघा. सगळा रविवार त्यात गेला, पण सुरुवात नेटकी हवी. उद्यापासून पहाटे साडेचारला उठणे, चहा, मग साडेसहापर्यंत नियमांचं पुस्तक. दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी डोकं चालत नाही, त्यामुळे काय व्हायचं ते पहाटेच.

अडचण एकच दिसते. ससा.

१५ जून, सोमवार

सशाबद्दल एकदा लिहून ठेवतो म्हणजे पुढे वाद नको. सुट्टीत आमची हर्षा (इयत्ता चौथी) धुळ्याला मावशीकडे गेली होती. येताना एसटीतून टोपलीत ससा. हा माझे साडू यादवराव यांचा उपद्व्याप. त्यांच्या मळ्यात सशांची पलटण आहे, त्यातला एक कमी झाला. पांढराशुभ्र म्हणून हर्षानं कपाशीच्या बोंडावरून नाव ठेवलं बोंड्या. राहतो कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात. बाजूंनी लोखंडी जाळी, खाली पत्रा. खुराडं पुढच्या खोलीत, माझ्या टेबलाजवळ, कारण मागच्या दारी मांजर फिरते.

आज साडेचारला अलार्म झाला. मी उठणारच होतो. तेवढ्यात बोंड्यानं जाळी दातात धरली. कर्र कर्र कर्र. मग पत्रा उकरणं. खसाखसा खसाखसा. जणू खाली गुप्तधन आहे. अशा वातावरणात उठून उपयोग काय, असा विचार करून साडेसहापर्यंत पडून राहिलो. झोप लागली, पण ती झोप नव्हे, वैताग होता.

एक दिवस गेला. दोष माझा नाही.

१७ जून, बुधवार

उपाय सापडला. साधा आहे, त्यामुळे कुणाला सुचला नसावा. कडू वस्तू कुणी चावत नाही. दोन कारली किसून रस काढला आणि सगळ्या जाळीला फडक्यानं चोपडला. मग विसरून तोच हात डोळ्याला लावला.

१८ जून, गुरुवार

बोंड्याला कारलं आवडतं. पहाटे साडेचार ते सहा जाळी चाटली, मग जास्त रस राहिला असेल या आशेनं चावली. पुष्पा म्हणाली, माणसं खात नाहीत, निदान तो तरी खातो. कारल्याची भाजी होती ती म्हणे.

माझा डोळा लाल. लाल डोळ्यानं वाचन करू नये.

२१ जून, रविवार

खुराड्याखाली आणि आत गोणपाट घातलं. आवाज पत्र्यामुळे होतो हे मी शास्त्रीय दृष्टीनं ओळखलं. आई हसली. आई म्हणजे द्रौपदाबाई, सत्तरी ओलांडलेली, माहेर पारोळ्याकडचं, घरात अजून अहिराणीच बोलते. तिला शास्त्रीय दृष्टी म्हणजे काय ते समजावून सांगण्यात एक तास गेला.

२३ जून, मंगळवार

गोणपाटाचा भुसा. पंख्याच्या वाऱ्यानं तो चहात, अंथरुणात, आईच्या पोथीत. माझ्या डब्यातल्या पोळीच्या घडीत सुतळीचा तुकडा निघाला. शेजारच्या टेबलावरच्या मगननं तो उचलून पाहिला आणि म्हणाला, वहिनींनी आज राखी बांधली का.

मगन पण परीक्षेला बसतोय. नवीन पोरगं, नोकरीला चार वर्षं झाली. सिलॅबस कुठला ते मलाच विचारत होता. दया आली.

२७ जून, शनिवार

गंभीर प्रकार. रात्री नियमांचं पुस्तक चुकून खुराड्यावर राहिलं. चुकून म्हणजे वजन म्हणून मीच ठेवलं होतं, कारण बोंड्या आतून दार ढकलतो. पुस्तकाचा कोपरा जाळीतून आत लोंबला. सकाळी पाहतो तर रजेचं प्रकरण संपूर्ण गेलं. किरकोळ रजा, अर्जित रजा, वैद्यकीय रजा, सगळं पोटात. पुष्पा म्हणाली, ते तर तुम्हाला पाठ आहे ना. असल्या बोलण्यातून माणसाचं कॉन्सन्ट्रेशन जातं.

रजा ऑप्शनला टाकली.

२ जुलै, गुरुवार

टाइमटेबल नवीन केलं. जुन्यात सशाची तरतूद नव्हती.

५ जुलै, रविवार

आवाजाला आवाजानं मारायचं. पहाटे ट्रान्झिस्टर लावला. कर्र कर्र ऐकू आली नाही, योजना शंभर टक्के यशस्वी. आधी भक्तिगीतं, मग शेतीविषयक कार्यक्रम, मग बातम्या. यावल फैजपूरकडच्या केळीवर कुठली कीड पडते आणि तिच्यावर काय फवारायचं, हे मला आता नीट माहीत आहे. परीक्षेत विचारत नाहीत हा त्यांचा दोष.

७ जुलै, मंगळवार

मगननं सांगितलं, कानात कापूस घाला. जळगावात कापसाला काय तोटा. लागलीच घातला. काय ती शांतता. उद्या पहाटे पहिली तीन प्रकरणं संपवतो.

८ जुलै, बुधवार

आठ वाजून गेल्यावर उठलो. अलार्म ऐकू आला नाही. घरच्या सगळ्यांना आला. शेजारच्या नथ्थू नानांनासुद्धा आला, ते उठून आमच्या दारात विचारायला आले की काही झालं का. पुष्पाचं म्हणणं, तुमचं घड्याळ तुम्हाला सोडून सगळ्या गल्लीला उठवतं. साहेबांनी उशिराची नोंद केली.

कापूस बंद.

९ जुलै, गुरुवार

मगनचं घड्याळ बिघडलं आहे. माझं अलार्मचं घड्याळ परीक्षेपर्यंत त्याला देऊन टाकलं. मोठ्या मनानं दिलं. नाहीतरी मला त्याची गरज काय. बोंड्या रोज साडेचारला सुरू होतो, एक मिनिट इकडे तिकडे नाही. किल्लीसुद्धा द्यावी लागत नाही. मगन म्हणाला, तुमच्यासारखा सिनियर मिळायला भाग्य लागतं. पोरगं समजूतदार आहे.

१९ जुलै, रविवार

घर सोडून तळ्याकाठी अभ्यासाला गेलो. मोकळी हवा, पुस्तक मांडीवर. नथ्थू नाना फिरायला आले होते. त्यांनी सहज विचारलं काय वाचता, म्हणून पेन्शनचे नियम त्यांना समजावून सांगितले. ते रिटायर असल्यामुळे त्यांनीच मला समजावून सांगितले. मग कचोरी. घरी आलो तेव्हा दहा वाजले होते.

चर्चा हासुद्धा अभ्यासच.

२६ जुलै, रविवार

आता फार झालं. आज पहाटे साडेचारला कर्र कर्र, पाचला खसाखसा, साडेपाचला दोन्ही. मी उशी डोक्यावर घेऊन आढावा घेतला. दीड महिन्यात सत्तावीस पानं. त्यातली दहा प्रस्तावनेची. हा वेग माझा नाही, सशाचा आहे.

निर्णय घेतला. यादवरावांना कार्ड टाकलं: कानबाईचा सण आटोपला की सोमवारी, दहा ऑगस्टला, जीप घेऊन जळगावला येणे व आपला ससा परत नेणे. त्याच्या आधी घरात कानबाईची गडबड, त्याच्या नंतर तेरा दिवस मला मिळतात. तेरा दिवसांत माणूस काय करू शकत नाही.

जेवताना सांगितलं. हर्षानं ताट उचललं आणि खुराड्याशेजारी जाऊन बसली, तिथेच जेवली. रडली असती तर बरं झालं असतं, समजूत काढता आली असती. आई म्हणाली, "ससाले कसाले बोल लावस? त्याले काम नही म्हनीसन तो कुरतडस. तू कसाले कुरतडस?" याचा अर्थ मी लावत बसलो नाही.

२९ जुलै, बुधवार

हर्षानं नथ्थू नानांकडून चहाचं रिकामं खोकं आणलं, त्यात अंगणातली माती भरली आणि बोंड्याला त्यात सोडलं. संध्याकाळभर तो उकरत होता. माती माझ्या चपलेपर्यंत. शिवाय खुराड्यात कडुनिंबाच्या काड्या टाकल्या, चावायला. रविवारपासून ती माझ्याशी बोलत नाही, आईमार्फत निरोप येतात. आजचा निरोप: बाबांना सांग, तो आता शहाणा होणार आहे.

मी तिला अडवलं नाही. पोरीचा खेळ आहे.

२ ऑगस्ट, रविवार

लक्षणीय प्रगती. पहाटेचा आवाज निम्म्यावर आला. याचं कारण माझ्या लक्षात आहे. गेले तीन दिवस मी खुराड्यासमोर बसून नियम मोठ्यानं वाचतो, अगदी करड्या आवाजात, मध्ये मध्ये त्याच्याकडे रोखून बघतो. जनावराला अधिकार कळतो. ऑफिसात अजून कुणाला कळला नाही ही गोष्ट वेगळी.

हर्षानं निरोप पाठवला की आवाज कमी झाला, आता जीप नको. पण कार्ड गेलेलं आहे. एकदा निर्णय घेतला की बदलायचा नाही, नाहीतर हेडक्लार्क होण्यात काय अर्थ. तिनं ऐकलं आणि खोक्यात आणखी माती भरायला गेली. मी पेपर तोंडापुढे धरला. वाचला नाही.

९ ऑगस्ट, रविवार

आज घरात कानबाई देवी बसली. पारोळ्याहून चुलते बन्सीलाल आबा आणि त्यांचं घर आलं. चौरंग, मांडव, गाणी. आईनं नेहमीप्रमाणे रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू स्वतः मोजले. घरातल्या एकेका पुरुषामागे सव्वा मूठ, आमच्या घरी पुरुष मी एकटा, म्हणून आमची मूठ एकच. दरवर्षी ती एकच मूठ घालताना आई थोडी थांबते. आणि दरवर्षी तेच सगळ्यांना बजावते: रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याच्या हातात तुकडा जाता कामा नये, उरलेले पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. त्यामुळे पुष्पाच्या माहेरचंसुद्धा कुणी त्याला शिवत नाही.

पाहुण्यांसाठी जागा करायची म्हणून मातीचं खोकं मागे नेलं. काड्या केरात गेल्या. खुराडं मात्र पुढच्या खोलीत, चादर टाकून. झालं. आरती सुरू झाली आणि चादरीखालून कर्र कर्र. आबांनी टाळ्या थांबवून वर पाहिलं. त्यांना वाटलं पंखा. दुसऱ्या आरतीला खसाखसा. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कानबाईसमोर हा तमाशा, आणि मी घरातला कर्ता.

पण माझं प्रसंगावधान दांडगं आहे. नैवेद्य झाल्यावर माझ्या पानातला पाव रोट उचलला, चादर सारली आणि जाळीतून आत दिला. लगेच चिडीचूप. पुढची सगळी आरती निर्विघ्न. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

उद्या संध्याकाळी यादवराव येणार. शेवटची रात्र म्हणून हर्षा खुराड्याजवळच झोपली आहे. गाणी चालूच आहेत, तरी.

१० ऑगस्ट, सोमवार

दिवसभराचं सविस्तर लिहिणं भाग आहे.

सकाळी कानबाईला निरोप देऊन आलो. आई खुराडं झाडायला बसली, ससा जाणार तर स्वच्छ जावा म्हणून. पत्र्यावर रोटाचा चुरा. तिनं तो बोटावर घेतला, वास घेतला, उभी राहिली आणि विचारलं, हे कुणी दिलं. हर्षा म्हणाली मी नाही. पुष्पा म्हणाली मी नाही. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. आबासुद्धा. मी म्हणालो, आरतीत व्यत्यय येत होता, व्यवस्थेचा भाग म्हणून दिला.

मला वाटलं आई आता बोल लावेल. ती आबांकडे वळली. दोघं हळू आवाजात बोलले. मग आई खुराड्यापुढे बसली आणि म्हणाली, "ज्यानी कानबाईना रोट खादा तो घरना. आते हाऊ भाऊबंद शे. हाऊ कोठे जावाव नही." म्हणजे ससा आता भाऊबंद, कुठे जायचा नाही. आबांनी मान हलवली. म्हणाले, घरच्या कर्त्यानं स्वतःच्या पानातला दिला, आता आपण बोलणारे कोण.

मी म्हणालो, तो ससा आहे. आई म्हणाली, ते तिलाही दिसतं.

संध्याकाळी यादवराव जीप घेऊन हजर, सोबत दोरी आणि टोपली. आईनं त्यांना चहा दिला, चिवडा दिला आणि सगळं सांगितलं. वर म्हणाली, "तुम्ही पाव्हना, तुमले रोट चालस नही. हाऊ घरना." म्हणजे धुळ्याहून नव्वद किलोमीटर आलेल्या सख्ख्या साडूपेक्षा ससा जवळचा ठरला. यादवराव पोट धरून हसले आणि रिकामी टोपली घेऊन परत गेले. जाताना मला विचारलं, पुढच्या वर्षी मुठी किती. आईनं आतून उत्तर दिलं, दोन. ते सांगताना ती थांबली नाही.

हर्षा पंधरा दिवसांनी माझ्याशी बोलली. बाबा, तुम्ही मुद्दामच रोट दिला ना, असं कानात विचारलं. मी हो म्हणालो. तिनं गळ्यात हात टाकले. मला फार बरं वाटलं. हे इथेच राहू दे.

शिवाय विचार केला तर मी मुद्दामच दिला असणार.

१२ ऑगस्ट, बुधवार

खोकं परत आलं, या वेळी थेट खुराड्यात. नवीन माती, नवीन काड्या. हर्षा रोज संध्याकाळी त्याला दोन तास अंगणात मोकळा सोडते. मी परवानगी दिली.

१६ ऑगस्ट, रविवार

प्रकृती सुधारते आहे. गेले चार दिवस काय झोप लागते. रोज सात, कधी सव्वासात. मध्ये जागच येत नाही. बहुतेक डोक्यावरचा ताण गेला. ताजं डोकं म्हणजे अर्धी परीक्षा. राहिलेली पानं चाळली, अवघड काही नाही. जे अवघड वाटलं ते सोडून दिलं.

२२ ऑगस्ट, शनिवार

सगळी तयारी. हॉल तिकीट, दोन पेनं, पट्टी, शर्टाला इस्त्री, डब्यात पुऱ्या. पहाटे साडेपाचची धुळे गाडी. एरंडोल, पारोळा, आठ सव्वाआठपर्यंत धुळे. पेपर दहाला. मगन स्टँडवर भेटणार, त्याला शेवटच्या दोन टिपा द्यायच्या आहेत.

पुष्पा म्हणाली, नथ्थू नानांकडून अलार्मचं घड्याळ आणू का. नको म्हणालो. लोकांना कशाला त्रास. साडेचारला उठवायला घरचा माणूस आहे. या कामासाठी दोन महिने मी त्याचा आवाज सहन केला, तो आज उपयोगी पडेल.

बोंड्याला झोपण्याआधी एक काडी जास्त दिली. खूश दिसला.

२३ ऑगस्ट, रविवार, सकाळी ८.४०

ऊन तोंडावर आलं तेव्हा जाग आली.

बोंड्या खोक्यात मातीत अर्धा पुरून पाय पसरून झोपला होता. जाळीला एक ओरखडा नवीन नाही. हर्षा म्हणाली, तो तर अकरा दिवस झाले, पहाटे आवाजच करत नाही. सगळ्यांना माहीत होतं म्हणे. पुष्पाला वाटलं मी आपला उठेनच. ती चारच्या आधीच देवळात गेली होती, माझ्या पेपरसाठी.

नऊची गाडी बाराला पोचते. पुऱ्या घरीच खाल्ल्या.

आईपुढे सशाबद्दल बोलायला तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, भाऊबंदाला बोल लावायचा नाही.

२४ ऑगस्ट, सोमवार

मगननं घड्याळ परत केलं. पेपर सोपा गेला म्हणतो. रजेच्या प्रकरणावर मोठा प्रश्न होता. मी म्हणालो, मला अंदाज होताच.

पंचेचाळीस पूर्ण झाली की परीक्षेतून सूट मिळते असं ऐकलं आहे. मी आता एक्केचाळीस. पण मी तशी वाट बघणाऱ्यातला नाही. पुढची परीक्षा फेब्रुवारीत. उद्यापासून पहाटे साडेचार.

२५ ऑगस्ट, मंगळवार, पहाटे

अलार्मनं उठलो. खरंच उठलो. दिवा लावला, पुस्तक उघडलं. इतकी शांतता की एक ओळ डोक्यात शिरेना. दोन महिने कानाला सवय लागलेली. बोंड्याकडे गेलो, हळूच हाक मारली. हालचाल नाही. मग जाळीवर नख घासून पाहिलं, त्याला आठवण व्हावी म्हणून. कर्र कर्र. पत्र्यावरसुद्धा थोडं खसाखसा केलं.

त्यानं एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

आतून आईनं झोपेतच विचारलं, "कोन कुरतडी ऱ्हायना रे?"

मी आहे म्हणून सांगितलं.